स्विफ्टच्या पोटाखाली सपाट पॅनेल लावली तर एक्स्प्रेसवेवर फरक पडेल का?

धायरी_ते_वाशी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१९ची पेट्रोल स्विफ्ट आहे. घर धायरीला, नोकरी वाशीला. सोमवारी पहाटे निघतो, आठवडाभर तिकडेच राहतो आणि शुक्रवारी रात्री परत येतो. पुण्यात फिरायला स्कूटर आहे, त्यामुळे गाडीचं बहुतेक सगळं रनिंग एक्स्प्रेसवेवर, घाट सोडला तर ९५-१०० च्या वेगाने. अ‍ॅव्हरेज २० च्या आसपास पडतं.

गेल्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर होती तेव्हा तिचं पोट पहिल्यांदाच निवांत बघितलं. वरून गाडी किती गुळगुळीत, आणि खाली सगळा पसारा. सायलेन्सरचा पाइप, ब्रेकच्या नळ्या, मागचा आडवा बीम, स्टेपनीचा खळगा, त्यामागे आतून पोकळ असलेला बंपर. इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर तर अर्धं फाटून लोंबत होतं. १०० च्या वेगाने जाताना हवा या सगळ्यावर आपटत जात असणार.

माझा विचार असा आहे की फ्लेक्सवाले बोर्डासाठी वापरतात ती सनपॅक शीट आणायची आणि पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत सगळं खालून सपाट बंद करून टाकायचं. कोणी केलंय का असं? खरंच काही वाचतं का? शीट बरी की अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा? आणि आपला पाऊस, आपले स्पीडब्रेकर, यात ते टिकेल का? गाडी बदलायचा विचार नाही, अजून पाच-सात वर्षं हीच वापरायची आहे. हाताने काम करायची आवड आहे, घरी ड्रिल आणि ग्राइंडर आहे.

औंधचा_रवी

दादा, आधी फुकटातले उपाय करा. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी तपासा, कॅरिअर लावलेलं असेल तर काढून टाका आणि १०० ऐवजी ९० ने चालवा. वाशीला पोचायला फार तर सहा-सात मिनिटं जास्त लागतील. पॅनेल वगैरे करण्यात जेवढा खर्च होईल तेवढं पेट्रोल वाचायला वर्षं जातील असं मला वाटतं.

भोसरी_शीटवाली

रवीदादांचं म्हणणं हिशेबाने बरोबर आहे. पण प्रश्नही चांगला आहे आणि विचारणाऱ्याचं रनिंग अगदी या कामाला साजेसं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझं भोसरी एमआयडीसीत व्हॅक्यूम फॉर्मिंगचं छोटं युनिट आहे. एचडीपीई आणि एबीएस या प्लास्टिकच्या शीट तापवून साच्यावर ओढायच्या, कडा ट्रिम करायच्या, भोकं पाडून द्यायची, हे रोजचं काम. गाडीखालची कव्हरं आणि चाकांच्या वरची लायनिंगही आमच्याकडून जातात. माझ्या स्वतःच्या हॅचबॅकखाली मी बनवलेली पॅनेल आहेत.

आधी आकडे मांडू. तुमची गाडी समोरून साधारण २.१५ चौरस मीटर जागा व्यापते असं धरू आणि ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा, गुणांक ०.३३ धरू. पुण्याच्या उंचीवर, तिशीच्या तापमानात, हवेची घनता घनमीटरला १.०९ किलोच्या आसपास असते. यावरून १०० च्या वेगाला हवेचा विरोध निघतो जवळजवळ ३०० न्यूटन. माणसं आणि सामान धरून गाडी १०५० किलोची, तर टायर रस्त्यावर फिरताना जो विरोध होतो तो ११०-११५ न्यूटन. म्हणजे एकूण ४१० मधले ३०० एकट्या हवेचे. वेग ६० वर आला की दोन्ही जवळपास सारखे होतात आणि ४० ला हवेचा वाटा ५० न्यूटनच्याही खाली जातो. ज्याची गाडी रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असते त्याला मी सरळ सांगते की हे काम करू नका. तुमचं तसं नाही.

आता बचत. खालचं काम नीट झालं आणि ड्रॅग ५ टक्क्यांनी उतरला असं धरा. १०० च्या वेगाला १५ न्यूटन वाचले. ४१० मधले १५ म्हणजे साडेतीन टक्के, पण इंजिनाच्या आतलं घर्षण आहे तेवढंच राहतं, म्हणून पेट्रोलमध्ये ते अडीच-तीन टक्क्यांवर येतं. २० चं अ‍ॅव्हरेज साडेवीस होईल. तेवढ्यासाठीच रवीदादा म्हणतात ते खरं: १०० चे ९५ केलेत तरी ३० न्यूटन वाचतात आणि ९० केलेत तर ५५ च्या वर. तरीसुद्धा मी म्हणेन की करा. दोन्ही करा. वेग कमी केल्याचा फायदा तुम्ही ठरवाल त्या दिवशी मिळतो, पॅनेलचा फायदा पुढची पाच-सात वर्षं प्रत्येक किलोमीटरला मिळत राहतो. शिवाय खालून दगड-चिखलाचा मारा कमी होतो आणि गाडीच्या आतला रस्त्याचा आवाज थोडा उतरतो.

पण बंपरपासून बंपरपर्यंत एकसलग सपाट पोट, ही कल्पना मात्र आधी डोक्यातून काढा. इथे मी अजिबात तडजोड करणार नाही.

कारण सांगते. इलेक्ट्रिक गाडीत ते जमतं, कारण बॅटरीचा सपाट खोका आधीच खाली असतो आणि तापलेला पाइप कुठेच नसतो. इथे आपल्या चाकणला २०२२ पासून मर्सिडीजची ईक्यूएस जोडली जाते, तिचा गुणांक ०.२० आहे. एवढा कमी आकडा येण्यात खालच्या बंदिस्त सपाट पोटाचा हात आहे. पेट्रोल गाडीचं पोट मात्र कामाचं असतं. रेडिएटरमधून आत आलेली हवा इंजिनाभोवती फिरते आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, खालून, बोगद्यासारख्या मधल्या खोबणीतून बाहेर पडते. त्याच खोबणीतून सायलेन्सरचा पाइप जातो. ती वाट बंद केलीत तर खालापूरच्या टोलनाक्यावर एसी लावून रांगेत उभं असताना ती गरम हवा जाणार कुठे? आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या ‘कॅट’चा, पत्रा चालू गाडीत काही शे अंशांपर्यंत तापतो. सनपॅक म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, ते १६० च्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी लोळागोळा व्हायला लागतं. एचडीपीई तर १३० लाच वितळतं. दोन्ही पेटतात, आणि पेटताना जळते थेंब गाळतात.

म्हणून पोटाचे तीन भाग करा आणि प्रत्येकाला वेगळं वागवा.

पुढे इंजिनखाली कंपनीचं मूळ कव्हर घाला, बाकी काही नको. त्यातल्या फटी, खाचा, मागची उघडी कड हे सगळं हवा बाहेर पडायचा विचार करून दिलेलं असतं. पुण्यात निम्म्या गाड्यांची ही कव्हरं स्पीडब्रेकरवर घासून फाटलेली असतात किंवा गॅरेजमध्ये क्लिपा हरवल्या म्हणून काढून ठेवलेली असतात. तुमचं लोंबणारं कव्हर सध्या हवा आत खेचून घेतंय, म्हणजे सगळ्यात आधी सुधारायची जागा तीच. नवं कव्हर अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवर मिळेल, क्लिपा नाना पेठेत सुट्या मिळतात, चार जास्तीच्या घेऊन ठेवा. पुढच्या चाकांच्या समोर बंपरखाली छोट्या उभ्या रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर त्या जागेवर आहेत का तेही बघा. फिरत्या टायरच्या तोंडावर हवा थेट आपटू नये म्हणून त्या असतात. दिसायला काहीच नाही, पण चाकं, चाकांचे खळगे आणि पोट मिळून गाडीच्या एकूण ड्रॅगचा ढोबळमानाने निम्मा वाटा उचलतात, तेव्हा त्या पट्टीला कमी लेखू नका.

मधला भाग हा तुमचा खरा कामाचा भाग. मधली खोबण पूर्ण मोकळी सोडायची आणि तिच्या डाव्या-उजव्या बाजूला, सीटांच्या खाली येणाऱ्या जमिनीवर, दोन स्वतंत्र पॅनेल लावायची. कंपन्याही पेट्रोल गाड्यांना नेमकं हेच करतात, लिफ्टवर चढलेल्या नव्या गाड्या बघा. प्रत्येक पॅनेल साधारण १.२ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद येईल. पाइपापासून किमान १० सेंटिमीटर मोकळं ठेवा, कॅटच्या आसपास तर काहीच लावू नका. पाइपाच्या बाजूची कड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने मढवून घ्या.

मागचा भाग सगळ्यात फायद्याचा आणि सगळ्यात अवघड. बंपरच्या पोकळीत हवा शिरते आणि तिथेच घुसमटते. तिथे एक पॅनेल स्टेपनीच्या खळग्यापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत हळूहळू वर चढत न्यायचं असतं. चढ सात अंशांच्या आतच ठेवा, म्हणजे ६० सेंटिमीटर लांबीत जेमतेम ७ सेंटिमीटर. त्याहून जास्त उभं केलंत तर हवा पॅनेलला धरून राहत नाही, सुटते, आणि केलेलं काम वाया जातं. पण सायलेन्सरचा डबा बहुतेक हॅचबॅकमध्ये तिथेच असतो. तो ज्या बाजूला असेल ती बाजू उघडीच ठेवा, दुसऱ्या बाजूला एक मिलीमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल करा, प्लास्टिक नको. मर्सिडीजने २०२२ मध्ये ईक्यूएक्सएक्स ही प्रयोगाची गाडी जर्मनीतल्या सिंडेलफिंगनहून फ्रान्समधल्या कॅसिसपर्यंत एका चार्जवर हजार किलोमीटरच्या वर चालवली. तिला मागून बाहेर सरकणारा डिफ्यूझर (असंच वर चढत जाणारं मागचं पॅनेल) होता. एवढी मोठी कंपनी त्या शेवटच्या टोकासाठी हलती यंत्रणा बसवते, यावरून त्या जागेचं मोल कळेल.

शीटबद्दल. सनपॅक आणा, पण पॅटर्न कापण्यासाठी. स्वस्त आहे, कटरने कापली जाते, चुकली तर टाकून देता येते. कायमची लावू नका, खडी लागून आतल्या नळ्या फुटतात आणि त्यांत पाणी-चिखल भरून बसतो. मधल्या पॅनेलला अडीच मिलीमीटरचं काळं एचडीपीई घ्या. दोन्ही पॅनेल मिळून तीन किलोच्या आत होतील. वाकतं, मोडत नाही, स्पीडब्रेकरला घासलं तरी चरा पडून सुटतं.

आता बसवण्यातल्या दोन गोष्टी, ज्यांवर सगळं अवलंबून आहे.

पहिली, पदर कुणाचा कुणावर. आपल्या मंगलोरी कौलांची रांग उलटी करून गाडीखाली धरा. पुढच्या तुकड्याची मागची कड नेहमी जमिनीच्या बाजूला, आणि मागच्या तुकड्याची पुढची कड तिच्या वर लपलेली. वाऱ्याला एकही उघडी कड समोरून सापडता कामा नये. हे किती गंभीर आहे ते सांगते: अर्ध्या-पाऊण चौरस मीटरची शीट १०० च्या वेगाला पुढून सुटून वाऱ्यात उभी राहिली तर तिच्यावर २५ किलोच्या वर ओढ येते. चार क्लिपा ती रोखू शकत नाहीत. कात्रज बायपासला तुमच्या मागे एखादा दुचाकीवाला असेल, त्याच्या अंगावर ती जाईल. म्हणून पुढची कड पूर्ण रुंदीभर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबून घ्या, बोल्टला मोठे वॉशर आणि नायलॉक नट (हादऱ्यांनी न सुटणारे) लावा. झिपटायवर काहीही टांगू नका.

दुसरी, भोकं गोल नकोत, लांबट हवीत. एचडीपीई तापलं की भरपूर वाढतं. पहाटेच्या लोणावळ्यात आणि एप्रिलच्या दुपारच्या वाशीत खालच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो, तेवढ्यात मीटरभर शीट ६ मिलीमीटरच्या आसपास वाढते. अ‍ॅल्युमिनियम तेवढ्यातच मिलीमीटरभर. भोकं घट्ट असतील तर शीट मधोमध फुगते आणि जमिनीकडे पोट काढते. एक भोक पक्कं ठेवा, बाकी सगळी लांबट करा आणि बोल्ट पिळून आवळू नका. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाला मी पहिल्याच आठवड्यात हे शिकवते, कारण परत आलेल्या मालात हीच तक्रार सर्वांत जास्त असते.

आणि गाडीच्या जमिनीच्या पत्र्याला ड्रिल लावू नका. आतून इंधनाची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग जातं, शिवाय उघड्या भोकाला पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. कंपनीने दिलेली रिकामी भोकं आणि स्टड असतात, तेवढ्यांवरच ब्रॅकेट काढा.

दांडेकर_पूल_गॅरेज

ताईंनी लिहिलंय ते मापात आहे. मी गॅरेजच्या बाजूने भर घालतो.

साहेब, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलचे नट, ऑइल फिल्टर आणि जॅक लावायच्या चारही जागा मोकळ्या ठेवा. नाहीतर हायवेला पंक्चर झाल्यावर जॅक कुठे लावायचा ते सापडणार नाही आणि चुकीच्या जागी लावला तर पॅनेल फुटून गाडी खाली बसेल. जो मेकॅनिक तुमचं पॅनेल उघडणार तो ते परत तसंच लावेल याची खात्री नसते, म्हणून बोल्ट सगळे एकाच मापाचे ठेवा, दहाच्या पान्याचे.

पाण्याचं बघा. जुलैत धायरी-सिंहगड रस्त्याला जे पाणी साचतं त्यातून गाडी गेली की चिखल पॅनेलच्या वरच्या बाजूला जाऊन बसतो. बाहेरून दिसत नाही. सगळ्यात खालच्या जागी बोटभर भोकं ठेवा आणि पावसाळा संपला की दोन्ही पॅनेल उतरवून वरून पाणी मारून घ्या. तोच चिखल वर्षभर राहिला तर तुमचा फ्लोअर सडेल. पॅनेल नसती तर तो वाऱ्याने सुकून गळून गेला असता.

तुमची गाडी वाशीला आठवडाभर एका जागी उभी असते. उंदरांना अशी बंद, कोरडी, उबदार जागा फार आवडते. पाला, कापूस, कागद आणून साठवतात, वायरी कुरतडतात. सुका पाला आणि तापलेला पाइप एकत्र आले तर काय होईल ते सांगायला नको. दर शुक्रवारी वाशीहून निघायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून खाली एकदा बघत जा. ऑइल गळत असेल तर तेही पॅनेलवर साठत राहतं, जमिनीवर डाग पडत नाही, त्यामुळे गळती उशिरा कळते. तुमच्या गाडीला गळती आहे का ते आधी बघून घेऊ, ती असेल तर आधी सील बदलायचं, मग पॅनेल.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. गाडीची रुंदी, उंची, इंजिन, इंधन याला हात लावू नका, पॅनेल बोल्टवर काढता-घालता येईल अशीच ठेवा. ग्राउंड क्लिअरन्स कंपनीचा १६३ मिलीमीटर आहे, त्याच्या खाली एक मिलीमीटरही काही लोंबू देऊ नका. प्रमाणात केलेला स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. आपल्या सोसायट्यांच्या गेटवरचे बघितलेत ना, ते हातभर रुंद आणि टोकदार असतात. चार माणसं बसली की गाडी तिथे आत्ताच टेकते.

धायरी_ते_वाशी

ताई, दादा, मनापासून आभार. एकसलग पोटाची कल्पना सोडली. आधी मूळ कव्हर आणि क्लिपा घेतो, मग मधली दोन पॅनेल करतो, मागचं सगळ्यात शेवटी. ऑइलची गळती मागच्या सर्व्हिसिंगला नव्हती, पण पुन्हा बघायला लावतो.

फरक पडला की नाही हे मोजायचं कसं? माझ्या मनात असं आहे की वाशीला जाताना टाकी फुल करायची, पोचल्यावर पुन्हा फुल करायची, आणि पॅनेल लावल्यावर तेच करून तुलना करायची.

भोसरी_शीटवाली

तसं केलंत तर आकडा मिळेल, पण तो पॅनेलचा नसेल. कारण तुमच्याच रस्त्यात आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आणि वाशी जवळजवळ शून्यावर. एवढ्या उंचीवर गाडी चढवायला लागणारी ऊर्जा पेट्रोलमध्ये मोजली तर अर्धा ते पाऊण लिटर होते. पॅनेलमुळे एका बाजूच्या प्रवासात वाचणार आहे जेमतेम सव्वाशे-दीडशे मिलीलिटर. टाकी भरली की पंप आपोआप थांबतो त्या ऑटो कटमध्ये यापेक्षा मोठा फरक पडतो. म्हणून जाऊन-येऊन मिळून मोजा, तोच पंप, तेच मशीन, आणि दोन-तीन महिन्यांचा एकत्र आकडा काढा. त्यातही पावसाळ्याची तुलना उन्हाळ्याशी करू नका. ओल्या रस्त्यावर टायरला पाणी बाजूला सारावं लागतं, अ‍ॅव्हरेज आपोआप पडतं.

मला स्वतःला विश्वास आहे तो कोस्टडाउनवर. गाड्यांच्या अधिकृत चाचणीतही, गाडी ज्यावर जागीच चालवतात त्या रोलरवर किती भार द्यायचा ते याच पद्धतीने ठरवता येतं. गाडी ठरावीक वेगाला न्यायची, न्यूट्रल करायची आणि वेग किती वेळात उतरतो ते मोजायचं. एक्स्प्रेसवेवर हे करू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही हळू का होताय ते कळत नाही. ८० ची परवानगी असलेला सरळ, रिकामा रस्ता शोधा, सूर्य उगवायच्या सुमारास जा, शेजारी एकजण मोजायला घ्या. इंजिन बंद करायचं नाही, फक्त न्यूट्रल, म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंगला नेहमीसारखा जोर राहतो.

मी वर धरलेल्या आकड्यांनी तुमची गाडी ८० वरून ६० वर यायला साधारण २३ सेकंद घेईल. ५ टक्के ड्रॅग उतरला तर २४ च्या जवळ. फरक पाऊण सेकंदाचा, म्हणून हाताच्या स्टॉपवॉचने एकदा मोजून भागत नाही. फोनवर जीपीएसचा वेग रेकॉर्ड करा आणि नंतर घरी बसून वेळ काढा. आणि दोन्ही दिशांनी मोजा. डोळ्याला सपाट दिसणारा रस्ता किलोमीटरला एक मीटर जरी चढत असला तरी १० न्यूटनचा फरक पडतो, तुमची सगळी कमाई १५ ची आहे. वारा तर त्याहून मोठा चोर. १०० च्या वेगाला समोरून नुसता ताशी ५ किलोमीटरचा वारा असला तर ३० न्यूटन वाढतात, जो अंगाला लागतोय हेही आपल्याला कळत नाही. झाडाचं पान हलत असेल तर त्या दिवशी परत फिरा.

टायरचा दाब त्याच सकाळी, गाडी थंड असताना, गेजने बघून सारखा करा. टाकीतलं पेट्रोल आणि गाडीतली माणसं सारखी ठेवा. आधी पॅनेलशिवाय, मग लावून, मग पुन्हा काढून मोजा. तिसरी पायरी लोक टाळतात, पण तीच खरं काय ते सांगते. काढल्यावर आकडा पहिल्या जागी परत आला तरच मधला फरक पॅनेलचा.

वाकड_स्टुडंट

ताई, आम्ही कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये लोकरीचे धागे चिकटवून हवा बघतो. ते खाली चालेल का? बंपरच्या आत हवा कशी फिरते ते बघायचं असेल तर?

भोसरी_शीटवाली

चालेल की. बोटभर लांबीचे पांढरे धागे, काळ्या पॅनेलवर ओळीत, फक्त पुढचं टोक टेपने चिकटवायचं. छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा मागच्या बीमजवळ घट्ट बांधायचा, दुसरी सेफ्टी दोरी लावून. धागे सरळ मागे पडून राहिले तर हवा चिकटून जातेय. गोल फिरत असतील किंवा पुढे वळत असतील तर तिथे ती सुटलीय. मागच्या पॅनेलचा चढ जास्त झाला का, हे यात लगेच दिसतं.

आणि कॅमेरा नसला तरी एक गोष्ट प्रत्येकाला बघता येते. पावसात मुंबईहून परत आलात की गाडी धुऊ नका. सकाळी ती लिफ्टवर चढवा आणि चिखल कसा बसलाय ते बघा. जिथे हवा सरळ वाहते तिथे बारीक, लांब, मागे ओढलेल्या रेघा असतात. जिथे ती घोळते तिथे जाड, खरबरीत थर, कधी नखाएवढे गोळे. मागच्या बंपरच्या आतल्या भिंतीवर हा थर सगळ्यात जाड सापडतो, आणि मागच्या चाकांच्या पुढच्या कोपऱ्यात. फोटो काढून ठेवा. पॅनेल लावल्यावर पुढच्या पावसात पुन्हा काढा. माझ्या गाडीला मधली पॅनेल लावल्यानंतर मागच्या बीमवरचा थर स्पष्ट पातळ झाला होता, तेव्हाच मला कळलं की हवा आता तिथपर्यंत नीट पोचतेय.

धायरी_ते_वाशी

एक शेवटचं. बंपरमध्ये कोंडलेली हवा बाहेर जावी म्हणून काही लोक बंपरला मागून जाळीची भोकं पाडतात. पॅनेलऐवजी तेच केलं तर?

भोसरी_शीटवाली

नको. बंपरच्या कातडीमागे धक्का शोषणारे भाग आणि सेन्सरच्या वायरी असतात, आणि कापलेल्या प्लास्टिकला भोकाच्या कोपऱ्यातून तडा जातो. हवा आत शिरल्यावर तिला वाट काढून देण्यापेक्षा ती आत शिरूच न देणं बरं. अर्धं पॅनेल जरी जमलं तरी लावा.

पॅटर्न काढताना एक करा. सनपॅकच्या नळ्या आडव्या ठेवा, गाडीच्या रुंदीच्या दिशेने. तुमचे आधार दोन बाजूंना असणार, म्हणजे ताकद त्याच दिशेने हवी, आणि नळ्यांची उघडी तोंडं वाऱ्यासमोर येणार नाहीत. पॅटर्न बसला की माझ्याकडे पाठवा. त्यावरून एचडीपीई कापून, कडा दुमडून देईन. कड सरळ कापलेली नको, १५ मिलीमीटर वर दुमडलेली हवी, त्याने शीट ताठ राहते आणि फडफडत नाही.

दांडेकर_पूल_गॅरेज

साहेब, शनिवारी सकाळी दहापर्यंत माझी एक लिफ्ट मोकळी असते. गाडी शुक्रवारी रात्री आल्यावर इथेच लावून जा, म्हणजे सकाळी पाइप थंड असेल आणि खाली हात घालता येईल. सनपॅकच्या दोन शीट, मार्कर, कटर आणि मोजपट्टी घेऊन या. मूळ कव्हर त्याआधी मिळालं तर तेही आणा, आधी ते बसवू, मग त्याच्या मागच्या कडेपासून माप घेऊ.